बाभळीवरच्या तीन सुगरणी

फार पूर्वी एका तळ्यावरचे पक्षी वर्षातून एकदा सगळ्यांची मोजणी करत. जिथले पक्षी घटलेले दिसत, तिथे वर्षभर पहारा बसे.

एका वर्षी बाभळीवरच्या सुगरणी मोजायचं काम खंड्याकडे आलं. पण त्या सकाळी पाणी नितळ होतं, मासे छान दिसत होते. खंड्या तिकडे गेलाच नाही. दुपारी म्हाताऱ्या टिटवीने आकडा विचारला, तेव्हा त्याने गेल्या वर्षीचाच सांगितला. "एकवीस."

"म्हणजे तिकडे सगळं ठीक आहे," टिटवी म्हणाली. "यंदा पहारा दुसरीकडे देऊ."

तेवढ्यात मागून एक सुगरण पुढे आली. "खंड्याकाका, आम्ही तिघीच उरलोय. बाकीच्यांना रानमांजराने नेलं. तुम्ही मोजायला येणार म्हणून सकाळपासून फांदीवर ओळीने बसलो होतो. तुम्हाला काही झालं तर नाही ना, ते बघायला मी आले."

खंड्याला मान वर करवेना. "मी मोजून येतो," असं कसंबसं म्हणून तो उडाला.

बाभळीवर त्या दोघी अजून तशाच बसल्या होत्या. त्याला येताना पाहून, मोजायला सोपं जावं म्हणून त्या जरा लांब लांब सरकल्या.