डावीकडे ओढणारी जीप

शलाकाला रात्रभर डोळा लागला नव्हता. जीप डावीकडे ओढत होती आणि लेक रेवूच्या शाळेच्या वाटेवर दरीही डावीकडेच होती. नवरा सहा महिने बोटीवर. जाण्याआधी हौसेने त्याने शेट्येंच्या गॅरेजात जीप चार बोटं उंच करून घेतली होती. फोन लागलाच तर म्हणायचा, "शेट्येंना विचार."

सकाळी गॅरेजात तिची तक्रार ऐकून चार गिऱ्हाइकांसमोर शेट्ये हसले. "वहिनी, परवाही सांगितलं, चाकांची अलाइनमेंट चोख आहे. रस्ताच डावीकडे उतरता, गाडी बिचारी काय करणार? बायकांना भास होतात."

शलाका वरमली. चूक आपलीच असणार, हे तिला नेहमी सगळ्यांच्या आधी पटायचं.

"असेलही, भाऊ. जरा शेजारी बसता?"

रेवूला बाकड्यावर बसवून तिने समोरच्या मोकळ्या रस्त्यावर जीप काढली आणि स्टिअरिंग क्षणभर सैल सोडलं. जीप डावीकडे सरकली.

"बघा, उतार!" शेट्ये म्हणाले.

तिने जीप वळवली आणि त्याच कडेने परत आणत पुन्हा हात सैल केले. जीप डावीकडेच सरकली, पण आता चढाच्या बाजूला.

गॅरेजच्या दारात थांबून तिने विचारलं, "भाऊ, येताना उतार उजवीकडे होता. मग गाडी चढावर का गेली? की तिलाही भास होतात?"

गिऱ्हाइकं खदखदली. शेट्ये पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. "उंच केल्यावर चाकांचा कल पुन्हा बसवायचा राहिला," ते पुटपुटले. "आजच करतो."

तेवढ्यात बाकड्यावरून रेवू म्हणाली, "आई, काल तू हेच फ्रिजला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होतीस ना?"