मोजणीतून वगळलेले

“आणि जे कृमी ताटली सोडून जातात, त्यांचं काय करतोस?” चिंधूबुवांनी विचारलं.

“ते मोजत नाही,” अभिराम म्हणाला.

कोयनाकाठच्या या मठात बुवांनी त्याला लहानपणी अक्षरं गिरवायला शिकवलं होतं. आता तो पुण्यात गोलकृमींवर संशोधन करायचा, आणि त्याचा तोरा त्याच्याआधी मठाच्या पायऱ्या चढला होता. उद्या थोरल्या भावाचं, श्रीपादचं श्राद्ध. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. आईने दर वर्षीप्रमाणे निरोप धाडला होता, आणि दर वर्षीप्रमाणे याला जमत नव्हतं. एक दिवस हुकला तर कृमींची मोजणी फुकट जाते. बुवांनी हे आईच्या गळी उतरवावं, म्हणून स्वारी घरी न जाता थेट मठात आली होती.

“एकच जनुक बिघडवलं, बुवा. तीन आठवड्यांत मरणारा कृमी सहा आठवडे जगतो.”

“बिघडवल्याने आयुष्य वाढलं?”

“दुप्पट!”

“बरं,” बुवा म्हणाले. अभिरामला ते झोंबलं.

“ताटलीत खायला असतं ना भरपूर?”

“भरपूर.”

“तरी जातात?”

“काही जातात. कडेच्या भिंतीवर चढतात, वाळून मरतात. ते काही म्हातारपणाचं मरण नव्हे. म्हणून वगळायचे. नाहीतर सरासरी बिघडते.”

“तुमच्या घराण्याची काढलीस?”

अभिराम हसला. तीही काढली होती. “पणजी सत्त्याण्णव, आजोबा ब्याण्णव, आत्या अजून शेंगा फोडते. आमच्याकडे नव्वदीच्या आत कोणी जात नाही.”

“श्रीपाद?”

“दादा पुरात गेला. अपघात तो. तो धरता येत नाही.”

“कितवं होतं त्याला?”

“सव्विसावं… पण बुवा, धरता येत नाही तो!”

आवाज चढला तसा तो स्वतःच दचकला. त्याला रडू येत होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

बुवा जवळ सरकले. त्याचं मनगट हातात घेऊन त्यांनी नाडीवर बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

“चालू आहे ना?” अभिरामने थट्टा करून पाहिली.

“पाण्यात कोण पडलं होतं?”

“मी.”

“आणि तो?”

“काठावर होता. काठावर होता, बुवा. त्याला काही धोका नव्हता. त्यानेच उडी घेतली. मला वर ढकललं, आणि… उद्या आईसमोर कुठल्या तोंडाने बसू?”

बुवांनी डोळे उघडले. मनगट मात्र सोडलं नाही.

“आईला सांग,” ते म्हणाले, “सदतिसावं चालू आहे श्रीपादला, इथे.”