मेनूतली ‘मदत’

फोन नुकते बोटांनी चालू लागले होते, तेव्हाची गोष्ट. रानवाटा दाखवणाऱ्या एका ॲपच्या मेनूत ‘नकाशा’ आणि ‘फोटो’ राहत. ॲप बनवणाऱ्या मृण्मयीने त्यांच्या वर ‘मदत’ बसवली. “नाव आज टाकते, काम उद्या लिहीन,” म्हणत ती उठली. ॲप तसंच लोकांच्या फोनमध्ये गेलं.

“तुला दाबल्यावर काय होतं?” नकाशाने विचारलं.

“काहीच नाही,” मदत कुजबुजली. “मला भीती वाटते.”

“कशाला? छान दिसतेस की,” फोटो म्हणाला.

एके दिवशी दाट रानात मेनू उघडला. मातीने माखलेलं बोट मदतीवर टेकलं. मेनू नुसता मिटला. बोट पुन्हा आलं, आणखी जोरात दाबू लागलं. मग यायचं थांबलं.

“गेलं एकदाचं,” फोटो म्हणाला.

“कुठे गेलं?” मदतीने विचारलं.