अंताजी वैद्याच्या दोन पुड्या

एका गावात एक वैद्य होता. नाव अंताजी. त्याच्या हाताला यश आहे, असं सगळं गाव म्हणायचं. गावानं म्हणावं, त्यात वावगं काही नाही. पण तीस वर्षं ऐकून ऐकून अंताजीलाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथंच.

औषध देण्याखेरीज अंताजीकडं आणखी एक काम होतं. गावात कुणी अवचित मेलं, मारामारीत गेलं, विहिरीत सापडलं, की राजाच्या हुकमानं आधी अंताजीनं प्रेत बघायचं. जखम जिवंतपणीची की नंतरची, ओठ कसे, नखं कशी, सगळं तपासून मरणाचं कारण दरबारात सांगायचं. बाकीचे लोक प्रेतापासून चार हात लांब उभे राहत. अंताजी मांडी घालून जवळ बसे. "मेलेला माणूस खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या शब्दावर कितीतरी लोक सुटले होते, आणि दोघं फासावरही गेले होते.

त्याच गावात येसू आणि सटवा हे कुंभार भाऊ राहत. दोघांत भट्टी एकच. एका सकाळी आधी मडकी कुणाची भाजायची, यावरून दोघांची जुंपली. येसू मनाचा वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ. अख्ख्या कुंभारवाड्यासमोर तो ओरडला, "आज तुझं टाळकंच फोडतो." आणि त्यानं सटवाला एक धक्का दिला. सटवा खाली आपटला, उठला, धूळ झटकून शिव्या देत घरी गेला. लोकांना वाटलं, मिटलं भांडण. दुपारी पाहतात तो सटवा भट्टीपाशी मरून पडलेला. डोकं विटेच्या काठावर फुटलेलं. मग काय, पुरावा शोधायला लांब जायचं कारणच नव्हतं. येसूला लिंबाच्या झाडाला बांधलं आणि अंताजीला बोलावणं गेलं.

सोबत राजाचा कारभारी होता. त्याला उन्हाचा त्रास व्हायचा. तो म्हणाला, "अंताजीपंत, फार खोलात शिरू नका. संध्याकाळी दरबारात एवढंच सांगा, मार लागून मेला. फाशीचं आम्ही बघतो."

पण अंताजीला घाई करून काम करता येत नसे. त्यानं डोक्याची जखम पाहिली. कातडी फाटली होती, पण रक्त जेमतेम आलं होतं, आणि सूज तर नव्हतीच. जित्या माणसाला मार लागला की तिथं फुगतं, काळंनिळं पडतं. हा माणूस मरता मरता विटेवर पडला होता. विटेनं तो मेला नव्हता. धक्क्याचं म्हणावं तर सगळ्या अंगावर कुठं साधं खरचटलंही नव्हतं. अंताजी मनात खूश झाला. येसू सुटणार, आणि आपलं नाव आणखी होणार.

मग त्यानं तोंड पाहिलं. ओठाच्या कडेला पिवळट भुकटी लागली होती. शेजारी ओकारी पडली होती. कनवटीला पळसाचं एक पान निघालं, आणि पांढरा दोरा. पानात थोडी भुकटी उरली होती. अंताजीनं तिचा कण जिभेवर ठेवला. जिभेला मुंग्या आल्या आणि शेंडा बधिर झाला. तो लगेच थुंकला, पण तोवर ओळख पटली होती. हा बचनाग. तेलातून चोळला तर सांध्याचं दुखणं उतरवतो आणि पोटात गेला तर माणसाला उतरवतो. आणि पंचक्रोशीत बचनाग एकाच घरी मिळत असे. अंताजीच्या.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. परवा सकाळचं सगळं त्याला आठवलं. चिखल तुडवून सटवाचे गुडघे धरले होते, म्हणून तो आला होता. अंताजीनं त्याला दोन पुड्या दिल्या. एक खायची, एक लावायची. दोन्ही पळसाच्या पानात, दोन्हींना पांढरा दोरा. तेवढ्यात राजाचं पोट दुखतंय म्हणून पालखी दारात आली. एक पाय पालखीत ठेवून अंताजी म्हणाला होता, "ही मधातून, ती तेलातून." सटवानं मान डोलावली होती. मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे, हे अंताजीला तीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

त्यानं ते पान मुठीत दाबलं. कुणी पाहिलं नव्हतं. मनासारखा वकील नाही; अशील कसाही असो, त्याची बाजू लावून धरतं. अंताजीचं मन म्हणालं, हात दाखवून अवलक्षण कशाला? येसू तरी कुठं धुतल्या तांदळासारखा आहे? धमकी त्यानंच दिली ना? आणि उद्या गावाचा तुझ्यावरचा विश्वास उडाला, तर रोग्यांनी जायचं कुठं? तेव्हा गावाच्या भल्यासाठीच गप्प बैस. आता गावाचं भलं असं ऐनवेळी आठवायला लागलं, की माणसानं सावध व्हावं. अंताजी सावध झाला नाही. मूठ मिटलेलीच ठेवून तो निघाला.

वाटेत ते लिंबाचं झाड होतं. येसूनं त्याला पाहिलं. सोडवा, असं काही तो म्हणाला नाही.

"वैद्यबुवा," तो म्हणाला, "सकाळी ढकललं मी त्याला. तवा तर उठून चालत गेला. पण आत काही तुटलं असंल का? खरं सांगा. माझ्या हातनं गेला का माझा भाऊ?"

अंताजी उभ्या जागी थिजला. हा माणूस नुसता फासावर जाणार नव्हता. आपणच भाऊ मारला, असं समजून जाणार होता. आणि खरं काय ते त्याला सांगू शकणारा माणूस साऱ्या मुलखात एकच होता, मुठीत पान धरून उभा असलेला. अंताजीला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याच्यानं येसूकडं बघवेना.

"नाही," तो म्हणाला. "तुझ्या हातून नाही गेला."

संध्याकाळी दरबार भरला. राजानं विचारलं, "वैद्यराज, सटवा कशानं मेला?"

"मार लागून मेला नाही, महाराज. बचनाग पोटात गेला म्हणून मेला. तो मी दिला होता, गुडघ्याला लावायला. पुड्या सारख्या बांधल्या आणि नीट सांगितलं नाही. चूक माझी."

दरबारात कुजबुज सुरू झाली. कारभाऱ्याला वाटलं, म्हातारा येसूला वाचवायला थाप मारतोय. तो म्हणाला, "कशावरून?" अंताजीनं पान पुढं केलं आणि कणभर भुकटी जिभेला लावून थुंकायला सांगितलं. कारभाऱ्यानं लावली. मग तो पुढं काय म्हणाला ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याची जीभ वळेना.

राजानं येसूला सोडलं. अंताजीचं दरबारातलं आसन काढून घेतलं, पालखी बंद केली. अंताजीनं मान खाली घालून ते मान्य केलं. येसू त्याच्याजवळून गेला. शिव्या द्याव्यात की पाय धरावेत, हे त्याला कळेना. ज्यानं भाऊ नेला, त्यानंच जीव वाचवला होता.

त्या दिवसापासून अंताजीच्या ओसरीवर कुणी फिरकेना. सगळे ओढ्यापलीकडच्या वैद्याकडं जाऊ लागले. रिकामा बसलेला अंताजी पुड्या बांधायची नवी रीत ठरवत राही. खायचं औषध पळसाच्या पानात, लावायचं वडाच्या. लावायच्या पुडीला तांबडा दोरा. आणि रोग्यानं सगळं स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही. रीत पक्की होती. रोगी तेवढे नव्हते.

दीड महिन्यानं एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. कडेवर तापानं फणफणलेली मुलगी. अंताजीनं वर पाहिलं आणि हातातला दोरा खाली ठेवला. ती ठकूबाई होती, सटवाची बायको.

"ठकूबाई, तुम्ही? माझ्याकडं?"

"माफ करायला आले नाही," ती म्हणाली. "ते या जन्मात व्हायचं नाही. पण पोरगी तापलीय. त्या पलीकडच्याकडं गेले होते. तो म्हणला, माझ्या हातनं आजवर एकबी चूक झाली नाही. मला त्याचं भ्या वाटलं. पोरीला उचलली अन् इकडं आले."

अंताजीचे डोळे भरून आले. पण रडायचा हक्क आपला नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं नाडी पाहिली, पुडी बांधली. कशातून द्यायची, किती वेळा द्यायची, हे सावकाश सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. तिनं अक्षरही न चुकता म्हणून दाखवलं. पण ती उठली नाही. पुडी त्याच्यापुढं धरून म्हणाली, "आता तुम्ही म्हणा."

अंताजीनं पुडी सोडली, आत पाहिलं, पुन्हा बांधली, आणि म्हणून दाखवलं.

तात्पर्य: चूक कुणाच्याही हातून होते. जो ती लपवतो, त्याच्या हातून ती पुन्हा होते. जो ती कबूल करतो, त्याच्याच हाती जीव सोपवावा, आणि तरीही डोळे उघडे ठेवावेत.