गोजराबाई आणि देखणा हमरस्ता

एका राजानं काय केलं, उंच डोंगराच्या माथ्यावरून हमरस्ता बांधला. ढग खाली नि रस्ता वर, बरं का! असा देखणा रस्ता कुणी पाहिला नव्हता. पण त्या रस्त्यानं गेलेली माणसं परतच येईनात.

डोंगराच्या पायथ्याशी गोजराबाई राहायची. भारी संशयी! दूध दोनदा हुंगून प्यायची. शेजारणीनं दिलेला लाडू आधी फोडून बघायची. तिची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली, ती त्याच रस्त्यानं. आज येईल, उद्या येईल, पण हौसा काही येईना. "त्या रस्त्यातच काहीतरी काळंबेरं आहे," असं म्हणून ती काठी घेऊन निघाली.

मग पहिलं वळण आलं. कठड्याला टेकून माणसंच माणसं उभी, खालच्या ढगांकडे बघत. कुणी हलेना, कुणी बोलेना. "बघणाऱ्याला धरून ठेवतोय मेला डोंगर!" गोजराबाईनं नजर आपल्या पायांवर ठेवली. तेवढ्यात हौसा धावत आली. "आई, किती सुंदर आहे! ये, बघ ना!"

"दिवस भरलेली बाई अशी धावते होय?" गोजराबाईनं काठी उगारली. ती हौसा धुक्यासारखी विरून गेली.

दुसऱ्या वळणावर धबधबा खालून वर उडत होता. तिथेही हौसा! जड पावलांनी आली, पाया पडली. "आई, तू म्हणशील तसं करू."

"माझी हौसा नि माझं ऐकणार? हो बाजूला!" मग तीही विरली.

तिसऱ्या वळणावर डोंगरभर निळी फुलं. तिथे बैलगाडी उभी होती. गाडीवान आ वासून फुलांकडे बघत होता. आणि गाडीत हौसा, पदरानं डोळे घट्ट बांधून बसलेली. गोजराबाईला रडूच फुटलं. "हौसे, बाळा, आले गं मी!"

"तू माझी आई नाहीस," हौसा म्हणाली. "सकाळपासून डोंगरानं दोन आया पाठवल्या. माझ्यावर विश्वास ठेव, म्हणत होत्या. चालती हो!"

लेकीनंच ओळखू नये? गोजराबाईच्या काळजाला घरं पडली. आणि हौसाला तर कळा सुरू झाल्या होत्या, बरं का!

मग गोजराबाई म्हणाली, "नको ठेवूस विश्वास. कशाला ठेवायचा? पदर आणखी घट्ट बांध. मी गाडी हाकते. ही काठी धर हातात. वाटेत दगा वाटला, तर घाल माझ्या डोक्यात."

हौसा खुदकन हसली. "असं फक्त माझी आईच बोलेल!" तिनं पदर सोडला नि आईच्या तोंडाकडे बघतच राहिली. फुलांकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

एवढा नटूनथटून बसलेला डोंगर, नि या दोघींना त्याचं काहीच नाही! तो असा खजील झाला, असा खजील झाला, की त्यानं सगळीकडून धुकं ओढून घेतलं. काही दिसेनासं झालं, तशी उभी माणसं भानावर आली नि आपापल्या घरी पळाली.

गाडी घरी पोचली नि हौसाला मुलगी झाली. आजीनं गुटीचं बोट पुढे केलं, की नात आधी डोळे वटारून बघायची, मगच चाटायची. आणि सगळी सुखात राहिली.

चला, झोपा आता. डोळे खरंच मिटलेत ना? मी हात लावून बघणार आहे हं.