भाड्यात सर्व समाविष्ट

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींच्या पाया पडून शहरात नोकरीला गेला. हेरंब त्याचे नाव. जुनी हस्तलिखिते वाचण्यात तो तरबेज होता, म्हणून एका संशोधन संस्थेत पोथ्यांची सूची करण्याचे काम त्याला मिळाले. जागाही लगेच मिळाली. दुमजली घर होते; खाली मालक एकटेच राहत, वर दोन खोल्या. करारात स्पष्ट लिहिले होते, वीज, पाणी, गॅस, सर्व भाड्यात समाविष्ट. संस्थेतली मंडळी म्हणाली, "नशीब काढलंस लेका!"

पहिला आठवडा सुखात गेला. मग एका सकाळी जिन्यात मालक भेटले. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काल बराच वेळ पाणी वाहत होतं, नाही?" एवढेच बोलून ते आपल्या दारात शिरले. आवाजात राग नव्हता, ताकीदही नव्हती.

पण ते वाक्य हेरंबाच्या मनात ठाण मांडून बसले. पाणी किती वेळ वाहिलेले चालते? पंखा किती तास? करारात तर काहीच नव्हते. त्यातच शेजारच्या गृहस्थांनी सहज सांगितले की आधीच्या भाडेकरूला मालकांनी आठ दिवसांत जागा सोडायला लावली होती. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून हेरंब कानोसा घेत जगू लागला. खाली मालक खोकले की त्याचा हात नळावरून मागे येई. बादलीत पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून तो नळाला फडके बांधी. भर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून घामाने भिजत तो खिडकीशी वाची, आणि उजेड संपला की पुस्तक मिटी. जिन्याखाली विजेचा मीटर होता. मालक रोज सकाळी त्याच्यासमोर काही क्षण उभे राहत. ते दृश्य वरून पाहताना हेरंब आदल्या दिवशीच्या विजेचा हिशेब मनात मांडी. असे आठ महिने गेले.

नवव्या महिन्यात त्याची मावशी आली. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून महिनाभर त्याच्याकडे राहायचे ठरले होते. तिला अंधुक दिसे, म्हणून ती दिसेल तो दिवा लावी आणि मालवायला विसरे. हेरंब तिच्या मागेमागे फिरून दिवे मालवी. एक दिवस त्याने न्हाणीघराबाहेरच्या बोळातला दिवाच काढून कपाटात ठेवला. मावशीला काही सांगितले नाही.

दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेला ती न्हाणीच्या पायरीला अडखळून पडली. मनगटाचे हाड मोडले.

हेरंब धावला खरा. पण धावताना त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा : केवढा आवाज झाला! खाली ऐकू गेला असणार.

चार दिवसांनी बातमी कळून गुरुजी आले. मावशीजवळ बसले, तिची विचारपूस केली. मग त्यांची नजर बोळातल्या रिकाम्या होल्डरवर गेली, नळाच्या फडक्यावर गेली. थोड्या वेळाने म्हणाले, "हेरंबा, प्रवासाने अंग आंबलंय. गीझर लाव."

त्यांनी फडके सोडून नळ पूर्ण उघडला. पाणी धो धो कोसळू लागले. गुरुजींची आंघोळ संपेना. बाहेरून हेरंबाने दोनदा दारावर टकटक केली, पण पाणी कोसळतच राहिले.

गुरुजी बाहेर आले ते ओल्या केसांनिशी सरळ जिना उतरू लागले. "गुरुजी, कुठे निघालात?" म्हणत हेरंब मागे धावला, तोवर त्यांनी मालकांचे दार वाजवलेही होते.

"मी या वरच्या मुलाचा गुरुजी," ते नमस्कार करून म्हणाले. "आत्ता तुमचं चार बादल्या ऊन पाणी वापरलं. चालतं ना तुम्हाला?"

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"चार बादल्यांचं काय एवढं?" ते म्हणाले. "आधीचा भाडेकरू नळ उघडा टाकून गावाला गेला होता, माझ्या खोलीत गळून सगळं कपाट भिजलं. तेव्हापासून पाणी वाहिलं की तिकडे कान जातो. खोड आहे मेली." मग जरा घुटमळून ते हेरंबाकडे वळले. "खरं सांगू का? एसी तेवढा लावू नका, वायर जुनी आहे. तापते का ते मी रोज बघतो. हे सुरुवातीलाच सांगायचं होतं, पण भीड वाटली. बाकी खुशाल वापरा."

दार लागले. हेरंब जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. मालकांच्या त्या पहिल्या वाक्यापासूनचे सारे त्याने गुरुजींना सांगितले आणि शेवटी विचारले, "आणि ते नाही म्हणाले असते तर?"

गुरुजी शेजारी टेकले. "तर तुला नकार मिळाला असता. नकाराला कड असते बाळा, तिथे थांबता येतं. भीतीला कड नसते. मालकांनी एक शब्द उच्चारला, बाकीचा ग्रंथ तू रचलास, आणि आठ महिने त्याचंच पारायण केलंस. या भाड्यात वीज होती, पाणी होतं, गॅस होता. भय नव्हतं. ते तू वरून देत राहिलास. तुझ्याजवळचं पुरेना, तेव्हा मावशीकडूनही घेतलंस."

हेरंब उठून वर गेला आणि मावशीच्या पायाशी बसला.

"मावशी, दिवा मी काढला होता," तो म्हणाला. "आणि तू पडलीस तेव्हा मला आधी तुझी नाही, आवाजाची काळजी वाटली."

मावशीने चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "म्हणून तर मी ओरडले नाही."

हेरंबाने कपाटातला दिवा काढून बोळात परत बसवला.

आपण मुकाट्याने बाळगलेले भय आपल्यापुरतेच आहे, असे आपण समजतो. ते घरातल्या कुणाकुणाला मुके करून गेलेले असते, हे एकदा विचारून पाहावे.