एकट्याच्या मापाचं घर

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा गावागावांमधल्या वाटा बैलगाड्यांच्या चाकांनीच पडत आणि चाकांनीच टिकून राहत. अशाच एका वाटेच्या कडेला एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात एक गाडीवान राहत होता.

जन्मभर त्याने दुसऱ्यांचा माल वाहिला. मीठ नेलं, गूळ नेला, सणासुदीला माहेरवाशिणी पोचवल्या. भर रानात गाडीचा आख मोडला तर तिथे सुतार कुठून यायचा? म्हणून करवत, रंधा, पटाशी चालवायला तो आपला आपणच शिकला. पुढे बैल म्हातारे झाले आणि गेले. गाडी त्याने देवळाला देऊन टाकली. मग एका हिवाळ्यात त्याची बायकोही गेली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो, त्याचं घर, आणि घराला लागून असलेली, गाडी ठेवायची रिकामी छपरी.

बायको गेल्यावर त्याला कळलं, की घर चालतं ते निम्मं शेजाऱ्यांच्या जिवावर. सकाळी चूल विझलेली असली की विस्तव आणायला जावं लागे. दुधाला विरजण नसलं की वाटी घेऊन जावं लागे. रानातून सरपणाचा भारा बांधला, तरी तो डोक्यावर चढवायला कुणाचा तरी हात लागे. हे सगळं आधी बायको करी. आता तो करू लागला.

समोरच्या घरात एक विणकर राहत होता. दोघे लहानपणापासूनचे सोबती. गाडीवान फळी कापायला बसला की विणकर माग सोडून यायचा आणि फळीचं दुसरं टोक धरायचा. धरायचा कमी, बोलायचा जास्त. मधेच हसायला लागला की फळी हलायची आणि काप वाकडा जायचा. मग तो म्हणायचा, "असू दे रे, तुझ्या गाडीची वाट तरी कुठे सरळ होती?"

एका सकाळी गाडीवान खापरी घेऊन विस्तव आणायला विणकराच्या दाराशी गेला. दार लोटलेलं होतं. आत विणकराची बायको कुणाशी तरी बोलत होती. घरात आजारपण होतं, रात्रभर ती जागी होती आणि आवाजात सगळा शीण उतरला होता.

"आता येतीलच भावजी," ती म्हणत होती. "आज विस्तव, उद्या विरजण. आपल्या मागचं मागणं काही संपत नाही बाई."

गाडीवान रिकामी खापरी घेऊन मागे फिरला. बोलणारी ते वाक्य दुपारपर्यंत विसरूनही गेली. ऐकणाऱ्याने मात्र ते जपून ठेवलं.

त्याने मनाशी ठरवलं, यापुढे कुणाच्या दारात जायचं नाही. आपल्याला दोन हात आहेत, हत्यारं आहेत, एवढी मोठी छपरी रिकामी पडली आहे. जे लागेल ते आपणच करायचं.

त्याने छपरी झाडली, जमीन चोपून सारवली. भिंतीवर खुंट्या ठोकून प्रत्येक हत्याराला जागा दिली. मग कामाला लागला. सगळ्यात आधी त्याने मातीने लिंपलेली एक पेटी केली. तिला सरकती झडप बसवली. झडप दोन बोटं उघडी ठेवली की आतल्या शेणीचा विस्तव सकाळपर्यंत धुमसत राही. विस्तवाचा प्रश्न मिटला. त्यानंतर एकचाकी हातगाडी झाली. सरपण गाडीत रचायचं आणि ढकलत आणायचं. भाऱ्याला कुणी हात लावायला नको. विरजणाचं मडकं ऊबेत राहावं म्हणून त्याने कोंडा भरलेलं एक फडताळ केलं.

आणि फळी धरायला त्याने दुबेळक्या, दोन फाटे फुटलेल्या फांदीची एक घोडी केली. घोडी हलत नव्हती, बोलत नव्हती. काप अगदी सरळ येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज ऐकून विणकर सवयीने आला. घोडीवर टेकलेली फळी त्याने पाहिली. थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला. छान झाली आहे, असं म्हणाला, आणि परत गेला. त्यानंतरही तो अधूनमधून डोकावून जाई. पण हात रिकामे ठेवून दुसऱ्याच्या कामात किती वेळ उभं राहायचं? हळूहळू त्याचं येणं थांबलं.

गावातले लोक काही दिवस कौतुकाने पाहायला येत. कुणी मोडका पाट आणी, कुणी सैल झालेलं खुरपं. गाडीवान दुरुस्त करून देई, मनापासून देई. पण त्याबदल्यात काही घ्यायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. घेतलं, की आज ना उद्या कुणाला तरी ते ओझं वाटणार, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

एकदा एक म्हातारी ताकाची रवी नीट करून घ्यायला आली. जाताना तिने पदराआडून एक कोवळा दुधी काढून पुढे केला. गाडीवानाने अंगणातल्या मांडवाकडे बोट दाखवलं. मांडव त्याने स्वतः बांधला होता आणि त्यावर दुधी लोंबत होते.

"मला लागत नाही, आजी," तो म्हणाला.

म्हातारीने दुधी पुन्हा पदराआड घेतला. पुढच्या वेळी तिची रवी मोडली, तेव्हा ती उन्हातून चालत पलीकडच्या गावी गेली. फुकट घेऊन घेऊन माणसाची मान खाली जाते, असं तिने वाटेत कुणाला तरी सांगितलं. ते गावात पसरलं. मग मोडके पाटही यायचे थांबले.

गाडीवानाला हे लगेच जाणवलं नाही. हाताला काम होतं. कामात एक सुख असतं. लाकडाचा वास, रंध्यातून उलगडत येणारी पातळ साल, सांध्यात नेमकी बसलेली खीळ. एक काम संपलं की दुसरं दिसे. आडावर एका हाताने फिरेल असा रहाट झाला. पायाने फिरेल असं जातं झालं. पाठीला तेल चोळता यावं म्हणून वाकड्या दांड्याला गुंडाळलेलं फडकंसुद्धा झालं. रंधा चालू असताना कुणी आलं तर कळावं, म्हणून त्याने फाटकाला लाकडी घंटा बांधली. ती कधीतरी वाजे. तो हात पुसत बाहेर येई. बाहेर वारा असे.

बाजाराच्या दिवशी मीठ घ्यायला गेला की पहिला शब्द घशातून निघता निघत नसे. आठवडाभर आवाजच वापरलेला नसे.

मग त्याची कंबर दुखू लागली. सकाळी उठताना कुणीतरी पाठीला हात देऊन बसवावं, इतकी दुखू लागली. हात द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा त्याने एक खाट केली. तिची उशाकडची बाजू सांध्यातून वर उचलली जाई. खाली खाचांची पट्टी होती. पायाकडून हाताशी आणलेली दोरी ओढली की बाजू एकेक खाच वर चढे, आणि निजलेला माणूस कुणाच्या मदतीशिवाय बसता होई. आजवर केलेल्या सगळ्या कामांत हे काम सुरेख झालं होतं. खाट तयार झाली त्या दिवशी तो कितीदा तरी दोरी ओढून उठला आणि निजला. मग त्याला वाटलं, हे कुणाला तरी दाखवावं. तो फाटकापर्यंत गेला. गल्लीत माणसं येत-जात होती. कुणाला हाक मारावी हे काही त्याला सुचलं नाही. तो आत आला.

त्याच सुमारास समोरच्या मागाचा आवाज बंद पडला होता. गाडीवानाच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. सूत संपलं असेल, असं त्याला वाटलं. पाहुण्यांकडे गेले असतील, असंही वाटलं. एकदा मनात शंका आली, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, काही लागलं तर सांगेल की. आणि त्याने रंधा हातात घेतला.

पाऊसकाळ सरला. एका सकाळी समोरून रडण्याचा आवाज आला. विणकर गेला होता.

गाडीवान धावत गेला. सगळ्यांबरोबर त्यानेही खांदा दिला. स्मशानातून परतताना पुढे चालणारी माणसं आपसांत बोलत होती. त्यातून त्याला समजलं, की विणकराच्या कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं आणि सगळा पाऊसकाळ तो अंथरुणात होता.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मग एका दुपारी तो विणकराच्या घरी गेला. किती वर्षांनी त्याने तो उंबरा ओलांडला होता. विणकराची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला बसायला पाट दिला.

"वहिनी, मला कुणी सांगितलं का नाही?" त्याने विचारलं.

ती शांतपणे सांगू लागली. बसतं व्हावं, दारातून गल्ली दिसावी, एवढीच विणकराची इच्छा असे. पण त्याला उचलायला दोन माणसं लागत, आणि ती एकटी होती. रोज रोज कुणाला बोलवायचं? बरेच दिवस तो छताकडे बघत पडून राहिला. समोरून हातोडीचे ठोके ऐकू येत. आज काय करत असेल हा, असं तो विचारी, आणि आपणच अंदाज बांधी.

"मी म्हटलं, भावजींना हाक मारते. काहीतरी युक्ती काढतील," ती म्हणाली. "तर हे म्हणाले, राहू दे. त्याने आपल्याकडून काही घ्यायचं सोडलं, त्याला किती वर्षं झाली. आता आपण कोणत्या तोंडाने मागायचं?"

गाडीवानाला आपली खाट आठवली. ती विणकराच्या अंथरुणापासून एका गल्लीच्या अंतरावर होती.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. विणकराच्या बायकोने हलकेच विचारलं, "भावजी, तुम्ही यायचं का बंद केलंत? आमचं काही चुकलं होतं का?"

ते वाक्य त्याच्या ओठांवर आलं. इतकी वर्षं त्याने ते शब्दन् शब्द सांभाळलं होतं. पण समोर बसलेल्या बाईकडे पाहिलं, तिचे खोल गेलेले डोळे पाहिले, आणि त्याला प्रथमच वाटलं, की त्या सकाळीही ती अशीच थकलेली असेल.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "चुकलं ते माझं."

उठून जाणं त्याला सोपं होतं. उठावंसं वाटलंही. पण घरी जाऊन काय करायचं, हे त्याला माहीत होतं. एखादी फळी घ्यायची आणि कापायला लागायचं. तो बसून राहिला. मग मोठ्या कष्टाने, जड गाडी चढावर ओढावी तसं, त्याने एक वाक्य ओठांबाहेर काढलं.

"वहिनी, एक भाकरी मिळेल का? आज घरी जाऊन एकट्याने जेववणार नाही."

तिने मान वर केली. ती आत गेली. भाकरी आणली, वर लसणीची चटणी, फोडलेला कांदा. तो खाली मान घालून जेवला. शेवटचा घास राहिला तेव्हा ती मागाकडे पाहत म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. मला विणता येतं. यांच्या शेजारी बसून शिकले मी. पण माग यांच्या मापाचा आहे. माझे पाय खाली दाबायच्या पावड्यांना पोचत नाहीत."

दुसऱ्या दिवशी गाडीवान हत्यारं घेऊन आला. इतकी वर्षं त्याने जे जे केलं ते स्वतःच्या हाताच्या, स्वतःच्या पाठीच्या मापाने केलं होतं. आता त्याला दुसऱ्याचं माप घ्यावं लागलं. बैठक उंच झाली का, पाय टेकतो का, धोटा हाताला येतो का, हे पुन्हा पुन्हा विचारावं लागलं. ती सांगायची, तो सोडवायचा, परत जोडायचा. काम सावकाश झालं. आपण दिवसभर बोलत होतो, हे त्याला संध्याकाळी घसा दुखू लागला तेव्हा कळलं.

पुढे ती विणकाम करून आपलं पोट भरू लागली. गाडीवान ती निजलेल्याला उठवून बसवणारी खाट गावातल्या एका लुळ्या म्हाताऱ्याच्या घरी ठेवून आला. त्याच्या सुनेने ज्वारीची कणसं पुढे केली, आणि गाडीवानाने दोन्ही हातांनी ती घेतली.

पण जे गेलं ते सगळं परत आलं नाही. दुधी परत नेणारी म्हातारी त्याच्या दाराशी पुन्हा कधी आली नाही. कित्येक संध्याकाळी त्याला एकट्यानेच काढाव्या लागल्या. गावाने ज्याला हाक मारायची सवय सोडली, त्याला हाक मारायला गाव हळूहळूच शिकतं. आणि ज्या सोबत्याला त्याने एका दोरीने उठवून बसवलं असतं, तो छताकडे बघत गेला, हे दुःख त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहिलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो कुणाकडे काहीच मागत नाही, त्याच्याकडे मागायला कुणी धजत नाही.